विरी

सांधेदुखीच्या तेलाच्या बाटलीला
झाकण असं बसवलंय
की दाबून फिरवल्याशिवाय निघत नाही.
अम्मा ती मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसते,
विडी घरकुलातल्या आमच्या गल्लीत,
शाळेतून परतणाऱ्या पहिल्या पोराची वाट बघत.

चाळीस वर्षं, दिवसाला हजार.
हजार विड्या म्हणजे हजारदा
पान, चिमूट, वळसा, दोरा,
आणि शनिवारी कारखान्यात
छाट काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं.
सूप भिंतीला टांगून सहा वर्षं झाली.
बोटं अजून तशीच, मिटत आलेली,
मध्ये काहीतरी धरलंय आणि सुटलं तर सांडेल, अशी.

औषध गल्लीत प्रत्येकीकडे आहे.
गाजुलांची राजमणी म्हणते, तिळाच्या तेलात लसूण
काळा पडेस्तोवर कढव, वर ओवा.
जैनबी निर्गुडीचा पाला आणते रेल्वे रुळाकडून,
उकळून देते, डोक्यावरून चादर घेऊन वाफ घे म्हणते.
चादर मोठ्या काकाच्या मागावरची,
मोर विटलेत, काठ शाबूत आहे.
मेथ्या झाल्या. एरंडाचं पान झालं.
एकजण सांगून गेला,
तंबाखूचं पान तव्यावर शेकून बांधा, रात्रीत फरक.
अम्मा इतकी हसली की ठसका लागला.
"पुरे की आता त्याची सोबत," म्हणाली.

मी नऊला येते, गणवेशाच्या कारखान्यातून,
काज-बटणावर असते.
वाटीत तेल कोमट करते.
ती पहिला थेंब माझ्या मनगटावर टाकून विचारते,
बरोबर आहे का?
कोमट कुठं संपतं आणि चटका कुठं लागतो
हे तिच्या बोटांना आता नीट कळत नाही.
मी एकेक पेर चोळते, गाठीच्या कडेकडेनं,
गाठीवर नाही.
ती पुटपुटते, ओकटी, रेंडू, मूडू...
पंचविसाला थांबते.
कट्टा बांधला बहुतेक.
परत ओकटी.

झाकण मी हल्ली नुसतं वर ठेवते, न फिरवता.
तेल सांडतं, फडताळाला वास लागलाय.
लागू दे.

सगळ्यात जुनं औषध मात्र तिनं
कुणालाच सांगितलेलं नाही.
पहाटे उठल्यावर तासभर हात तिचे नसतात,
गड्ड्याच्या थंडीत तर आठ वाजेपर्यंत नसतात.
ती परातीत ज्वारीचं पीठ घेते,
आधणाचं पाणी ओतते, उलथन्यानं ढवळते,
वाफ जरा बसली की
दोन्ही हात मनगटापर्यंत आत.
आणि डोळे मिटते.
मळत नाही लगेच. नुसते ठेवते.
मग हळूहळू, पिठाच्या उबेत,
एकेक बोट परत येतं,
करंगळी सगळ्यात शेवटी.

भाकरीच्या कडा चिरतात आता.
भावाचा पोरगा विचारतो, आज कुठला जिल्हा?
शेंगाचटणी घालून जिल्हा खातो.

परवा लवकर जाग आली, दारातून बघत होते.
किती वेळ मळशील, विचारलं मी.
हात न काढता म्हणाली,
"पिठाला विरी नाही गं. जुनी ज्वारी दिसते."

ज्वारी नवी होती. मालदांडी, मंगळवेढ्याची.
पोतं मीच उतरवून घेतलं होतं, चार दिवसांपूर्वी,
पीठ असं चिवट की तव्याएवढी थापली तरी फाटू नये.

मी म्हटलं, हो, नाहीच.
आणि दुसऱ्या शेगडीवर
आणखी थोडं आधण ठेवलं.